प्रोलॉगने पालक व्हावे का?

शंकेखोर : तर्कभाषेतल्या प्रोग्रॅमनं दुसरे प्रोग्रॅम जन्माला घालावेत, त्यांना कामाला लावावं आणि त्यांच्या मरणाची नोंदही ठेवावी, ही कल्पनाच मला विजोड वाटते. प्रोलॉगमध्ये आपण काय लिहितो? काय खरं आहे आणि ते कशावरून, एवढंच. १९७२ मध्ये मार्सेयला आलँ कोलमरोर आणि फिलिप रूसेल यांनी ही भाषा उभी केली, एडिंबरातल्या रॉबर्ट कोवाल्स्कींनी तिच्यामागचं तर्कशास्त्र उलगडून दाखवलं. तिची सगळी मातब्बरी एका गोष्टीत आहे. धरलेली वाट चुकीची निघाली तर ती मुकाट्यानं मागे फिरते, त्या वाटेवर चलांना दिलेल्या किमती पुसते आणि दुसरी वाट धरते. पुसता येणं ही तिची ताकद, आणि चाइल्ड प्रोसेस म्हणजे नेमकी पुसता न येणारी गोष्ट. ऑपरेटिंग सिस्टिमच्या तक्त्यात तिची नोंद झाली, तिला क्रमांक मिळाला, तिनं एखादी फाइल लिहिली किंवा कुणाला निरोप धाडला, की मग तुमचं अनुमान बरोबर निघो की चूक, झालं ते झालं. जी भाषा बोललेला शब्द मागे घेऊ शकते, तिच्या हाती सुटलेला बाण कशाला द्यायचा?

उत्साही : कारण नुसतं खरं-खोटं जाणून कुणाचं काम होत नाही. दापोलीचंच उदाहरण घेऊ. तिथल्या कोकण कृषी विद्यापीठातून (योगायोग बघा, स्थापना त्याच १९७२ मधली) ग्रामीण कृषी मौसम सेवेचं पत्रक आठवड्यातून दोनदा निघतं, मंगळवारी आणि शुक्रवारी. पुढच्या पाच दिवसांचा हवामान अंदाज आणि त्यावरून बागायतदारानं काय करावं याचा सल्ला, असं त्याचं स्वरूप. हा सल्ला नियमांवरच चालतो. मोहोर कोणत्या अवस्थेत आहे, आभाळ ढगाळ राहणार का, तुडतुडे दिसताहेत का, भुरी किंवा करप्याला पोषक हवा आहे का, आधीची फवारणी होऊन किती दिवस झाले. समजा हे नियम आपण प्रोलॉगमध्ये लिहिले. ते पत्रक असं तयार होतं असा माझा दावा नाही, विचारासाठी घेतलेलं उदाहरण आहे. नियम लिहायला याहून सरळ भाषा मला माहीत नाही. ‘ही फवारणी का?’ असं विचारलं तर ती कारणांची साखळी दाखवते, आणि ‘कोणती परिस्थिती असती तर ही फवारणी लागली असती?’ हा उलटा प्रश्नही तिला विचारता येतो. पण अंदाजाचे आकडे आणणारा प्रोग्रॅम दुसऱ्या कुणी पायथनमध्ये लिहिलेला आहे, पत्रकाची छापील प्रत करणारा तिसऱ्याच कुणाचा, मोबाइलवर संदेश पाठवणारा चौथ्याचा. हे सगळं प्रोलॉगमध्ये नव्यानं लिहिणं हा शुद्ध हट्ट झाला. आहे त्यांना हाक मारायची, काम सांगायचं, उत्तर घ्यायचं. चाइल्ड प्रोसेसचा अर्थ एवढाच.

शंकेखोर : उदाहरण तुमचंच, आता त्यातली ठेच बघा. तुमचा नियम म्हणतो : अमुक बागेला अमुक औषध योग्य असेल, तर संदेश पाठव, आणि मग त्या औषधाची फवारणी व फळांची काढणी यांत पुरेसं अंतर राहतं का ते तपास. शेवटची अट फसली. प्रोलॉग मागे फिरलं, दुसरं औषध निवडलं, पुन्हा संदेश पाठवायच्या ओळीवर आलं आणि पुन्हा पाठवला. तर्काच्या लेखी पहिली वाट कधी झालीच नाही. आंजर्ल्याच्या बागायतदाराच्या मोबाइलवर मात्र दोन संदेश आहेत आणि दोन्ही परस्परविरोधी. तुम्ही म्हणाल, ओळींचा क्रम चुकला, अंतराची अट आधी घ्यायला हवी होती. बरोबर. पण तर्कात ‘अ आणि ब’ म्हणजेच ‘ब आणि अ’. क्रमाची चिंता करायला लागू नये म्हणून तर ही भाषा घेतली होती. याहून वाईट पुढे आहे. स्वी-प्रोलॉग या प्रोलॉगच्या आवृत्तीत नवी प्रोसेस सुरू करणाऱ्या प्रोसेस-क्रिएटला सांगून ठेवलं तर ते नव्या प्रोसेसचा क्रमांक एका चलात भरून देतं. मागे फिरताना ते चलही पुसलं जातं. म्हणजे मूल जिवंत आहे, कुठंतरी काम करतंय, आणि पालकाला त्याचं नावच आठवत नाही. नाव नाही तर हाक मारता येत नाही, थांबवता येत नाही, गेलं तर नोंदही करता येत नाही. इतर भाषांत माणूस निष्काळजीपणानं मुलाला विसरतो. इथं विसरणं हा भाषेचा स्वभावधर्म आहे.

उत्साही : विसरण्याचा धोका आहे, पण त्यावर तोड त्याच भाषेत आहे. नोंद न झालेल्या मरणाचं काय होतं ते आधी सांगतो. युनिक्सच्या घराण्यात मूल संपलं तरी त्याची तक्त्यातली ओळ लगेच जात नाही. ते कसं संपलं हे पालक विचारेपर्यंत ती राहते, आणि अशा ओळीलाच झॉम्बी म्हणतात. जीव गेलेला, दाखला निघालेला नाही. उलट पालक आधी गेला तर पोरक्या मुलाला सहसा पहिल्या क्रमांकाची प्रोसेस पदरात घेते. तेव्हा पालकाचं कर्तव्य ठरलेलं आहे : जन्म दिलास तर शेवट बघायला थांब. स्वी-प्रोलॉगचं म्हणणंही तेच. तुम्ही क्रमांक मागून घेतला नाही तर शेवटचा पाइप बंद झाल्यावर ते स्वतः वाट बघून नोंद करतं. मागून घेतलात तर जबाबदारी तुमची, प्रोसेस-वेट तुम्हीच म्हणायचं. आणि विसरण्यावरचा उपाय म्हणजे सेटअप-कॉल-क्लीनअप. जन्म, काम आणि आवराआवर अशी तीन वाक्यं एकत्र बांधायची. काम साधो, फसो, मध्येच अपवाद उठो, आवराआवर होतेच. जाता जाता आणखी एक. या पद्धतीत आज्ञा एका लांबलचक ओळीत शेलकडे टाकायची नसते, प्रत्येक शब्द यादीत वेगळा द्यायचा असतो. गावाच्या नावात मोकळी जागा आली, कुणाच्या नावात अवतरणचिन्ह आलं, तरी त्याची भलतीच आज्ञा बनत नाही. ही लहान सोय नव्हे. शेलकडे वाक्य टाकून किती लोकांनी स्वतःच्या फाइली पुसल्या असतील!

शंकेखोर : आवराआवर होतेच, हे तुम्ही फार घाईनं म्हणालात. मधलं काम साधलं पण मागे आणखी एखादी वाट शिल्लक ठेवून आलं, तर प्रोलॉग आवराआवर करत नाही. न जाणो, त्या वाटेनं पुन्हा यावं लागेल, म्हणून ते लांबणीवर टाकतं. ती वाट तुम्ही कापेपर्यंत किंवा संपवेपर्यंत मूल तसंच ताटकळत. म्हणजे मुलाच्या आयुष्याची लांबी त्याच्या कामावर ठरत नाही, अनुमानाच्या झाडाला किती फांद्या उरल्या यावर ठरते. पण हा तपशील झाला. माझा मोठा आक्षेप ‘नाही’ या शब्दावर आहे. प्रत्येक प्रोसेस जाताना एक आकडा ठेवून जाते, शून्य म्हणजे ठीक. बाकीच्या आकड्यांचा अर्थ ज्याचा त्यानं ठरवलेला. फाइलीत शब्द शोधणारी ग्रेप घ्या. सापडला तर शून्य, नाही सापडला तर १, फाइलच वाचता आली नाही तर २. यातला १ हे प्रामाणिक ‘नाही’ आहे आणि २ म्हणजे ‘मला माहीत नाही’. आता तुमच्या प्रोसेस-क्रिएटला क्रमांक न मागता ग्रेप चालवायला सांगा. शून्य सोडून काहीही आलं की ते अपवाद उठवतं, म्हणजे प्रामाणिक ‘नाही’चाही बिघाड होतो. क्रमांक मागून, वाट बघून, ‘उत्तर शून्य आलं का?’ एवढंच विचारलंत तर उलटी गत. १ असो, २ असो, सिग्नल नऊनं प्रोसेस मारली गेलेली असो, सगळ्यांचं मिळून एकच ‘नाही’ होतं, आणि खरं काय झालं ते हातातून कायमचं जातं, कारण नोंद एकदाच करता येते. प्रोलॉग तर सिद्ध झालं नाही ते खोटं, असं मानून चालतं. ‘संदेश पाठवणारा मध्येच मेला’ हे त्याच्या कानी ‘संदेश गेला नाही’ असं पडतं आणि ते दुसऱ्या मार्गानं पुन्हा पाठवायला निघतं. पहिला गेलेला असूही शकतो.

उत्साही : इथं मात्र मी तुमचाच आक्षेप माझ्या बाजूनं वळवतो. बहुतेक भाषांत एखादं काम परतलं की हाती एक आकडा येतो, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करणं जगातली सर्वांत सोपी गोष्ट. प्रोलॉगमध्ये कुठल्याही उद्दिष्टाचे तीन निकाल भाषेतच वेगळे आहेत : साधलं, फसलं, अपवाद उठला. ग्रेपचे तीन आकडे आणि हे तीन निकाल एकास एक जुळतात. इतकी जुळणी दुसरीकडे शोधून काढा. फक्त ती आपण लिहावी लागते. प्रोसेस-वेट जे देतं तो नुसता आकडा नसतो, ‘या आकड्यानं संपली’, ‘या सिग्नलनं मारली गेली’, ‘ठरलेल्या वेळात संपली नाही’ अशी ती पदं असतात. पदांवर नियम लिहिता येतात. ग्रेप १ नं संपली तर उद्दिष्ट फसलं, २ नं संपली तर अपवाद, मारली गेली तर वेगळा अपवाद. प्रत्येक बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी त्याच्या आकड्यांचा शब्दकोश चार ओळींत होतो. तो शब्दकोश वाचता येतो, तपासता येतो, त्यालाच प्रश्न विचारता येतात. तुम्ही दाखवलेली चूक आळसाची आहे. ती भाषेच्या माथी का मारता?

शंकेखोर : आळसाची नाही अशी चूक दाखवतो. मुलाला बोलायला दोन नळ्या असतात, एक उत्तराची आणि एक तक्रारीची. लिनक्सवर अशी नळी साधारण ६५,५३६ बाइटांवर भरते. ती भरली की समोरचा कुणी रिकामी करेपर्यंत मूल थांबून राहतं. तुम्ही आधी सगळं उत्तर वाचायचं ठरवलंत आणि मूल तक्रारी ओकत सुटलं, तर तक्रारीची नळी भरते, मूल थांबतं, तुम्ही उत्तराच्या शेवटाची वाट बघत थांबता. दोघंही कायमचे. उलट क्रम घ्या, उलटी कोंडी. तर्क म्हणतो क्रमाला अर्थ नाही, प्रोलॉग म्हणतं क्रमाला अर्थ आहे, आणि नळी म्हणते की दोन्ही क्रम चूक, एकाच वेळी वाच. ‘एकाच वेळी’ हा शब्द तर्कात नाही. वारशाचंही तसंच. फोर्क केलं, म्हणजे पालकाची नक्कल करून मूल जन्माला घातलं, की पालकाच्या उघड्या फाइली मुलाकडे जन्मतःच येतात. विज्ञानेश्वरांच्या मिताक्षरेत वडिलार्जित मिळकतीवर मुलाचा हक्क जन्मानं लागतो तसा. जीमूतवाहनाच्या दायभागासारखं बाप जाईपर्यंत थांबायचं नाही. मग एखादी नळी पालकानं बंद केली तरी मुलाच्या हातात ती उघडीच, आणि वाचणाऱ्याला शेवट कधी दिसतच नाही. त्यात आजची स्वी-प्रोलॉग अनेक धाग्यांवर चालते आणि फोर्कमध्ये नक्कल होते ती फक्त बोलावणाऱ्या धाग्याची. बाकीच्यांनी लावलेली कुलपं मात्र जशीच्या तशी मुलाकडे जातात, किल्लीवाला मागे राहतो. २०१९ मध्ये तर काही संशोधकांनी फोर्क ही कल्पनाच आता निवृत्त करा असा निबंध मांडला. आता इतिहास बघा. प्रोलॉगच्या माहेरच्या लोकांनी जेव्हा जेव्हा प्रोसेस मनावर घेतली, तेव्हा तेव्हा मागे फिरणं सोडून दिलं. एहुद शपिरोंची कन्करंट प्रोलॉग, १९८२ ला सुरू झालेल्या जपानच्या पाचव्या पिढीच्या प्रकल्पातल्या भाषा, सगळ्यांत एकदा वाट निवडली की निवडली. एरिक्सनमध्ये जो आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी एर्लांग घडवली, तिची पहिली आवृत्ती प्रोलॉगमध्ये लिहिलेली. प्रोसेस जन्माला घालणं आणि त्यांच्या मरणावर लक्ष ठेवणं यात एर्लांगचा हात धरणारी भाषा क्वचितच. तिनं प्रोलॉगकडून बरंच घेतलं, माघार तेवढी घेतली नाही. हा काय योगायोग?

उत्साही : योगायोग नाही. पण त्या भाषांत उद्दिष्टंच प्रोसेस झाली होती, सगळं घरच हलतं. आपण बोलतोय ते घराबाहेरच्या, अनोळखी प्रोग्रॅमला हाक मारण्याबद्दल. घरात माघार ठेवून उंबऱ्याबाहेर ती सोडता येते का, एवढाच प्रश्न आहे. तुम्ही मिताक्षरा काढलीत म्हणून त्याच कपाटातलं दुसरं काढतो. भारतरत्न पां. वा. काणे यांचं शालेय शिक्षण दापोलीतलं. १९३० ते १९६२ या काळात निघालेल्या त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात मीमांसेच्या नियमांचा सविस्तर विचार आहे. मीमांसकांपुढे एक प्रश्न होता. यज्ञासाठी तांदूळ घ्यावा असंही वचन, जव घ्यावा असंही वचन. दोन्ही प्रमाण. मग विकल्प. विकल्प त्यांना मुळात आवडत नाही, त्यात ते आठ दोष मोजतात, पण दुसरा इलाजच नसेल तर मान्य करतात. आता एकानं तांदूळ घेऊन यज्ञ सुरू केला आणि मध्येच तांदूळ नासला. जव घ्यायला तो मोकळा आहे का? त्यांचं उत्तर नाही असं आहे. आरंभ करण्याआधी दोन्ही वाटा खुल्या होत्या. आरंभ झाल्यावर तांदळाच्या जागी त्याच्यासारखं काहीतरी, म्हणजे नीवार, रानातला तांदूळ घ्यायचा. माघार नाही, प्रतिनिधी आहे. मला यात आपल्या प्रश्नाचा सांधा दिसतो. प्रोलॉगनं आरंभापूर्वी हवं तितकं मागे फिरावं, कारण तिथं नुसता विचार आहे. मूल जन्माला आल्यावर मागे फिरू नये. फसलं तर त्याच जातीचा प्रतिनिधी शोधावा, दुसऱ्या फांदीवर उडी मारू नये. प्रोलॉगमध्ये मागच्या वाटा कापणारी तोडीची खूण आहेच. ती जन्माच्या ओळीवर ठेवा.

शंकेखोर : सांधा चांगला आहे. म्हणूनच तो कुठं निखळतो ते बघू. यज्ञ करणाऱ्याला आरंभ कधी झाला हे ठाऊक असतं. संकल्प सोडलेला असतो, पाणी हातातून खाली गेलेलं असतं. प्रोलॉगच्या ओळीत तशी काहीच खूण नाही. ‘ही बाग करप्याच्या धोक्यात आहे’ आणि ‘या बागेला संदेश गेला’ ही दोन वाक्यं दिसायला सारखी आहेत. एक विधान, एक कृती. वाचणाऱ्याला फरक कळणार कुठून? विधी कोणता आणि अर्थवाद कोणता, म्हणजे करा असं सांगणारं वाक्य कोणतं आणि नुसतं वर्णन करणारं कोणतं, हे वेगळं काढण्यात मीमांसकांनी शतकं घालवली. प्रोलॉगनं ती सीमाच पुसून टाकली आहे. तुमची तोडीची खूण लावायची आठवण माणसानं ठेवायची. बरं, पाच नियम खाली दडलेल्या एखाद्या ओळीत मूल जन्माला येत असेल, तर वरच्या नियमाच्या लेखकाला त्याचा पत्ता कुठून लागावा? त्याला वाटतं आपण अजून विचारच करतोय.

उत्साही : सीमा आखून देणारी तर्कभाषा झालेली आहे. मेलबर्नला नव्वदच्या दशकात मर्क्युरी आली. तिच्यात जगाला हात लावणाऱ्या प्रत्येक वाक्याला जगाची अवस्था सोबत बाळगावी लागते, आणि असं वाक्य नेमकं एकदाच साधणारं नसेल तर कंपायलर ते नाकारतो. जिथं मागे फिरणं संभवतं तिथं कृती लिहिताच येत नाही. तुम्ही मागता ती संकल्पाची खूण याहून वेगळी काय? प्रोलॉगमध्ये तेवढी सक्ती नाही, पण शिस्त बसवता येते, आणि तिचं सर्वांत चांगलं रूप म्हणजे कृती लगेच न करता तिचं पद बनवणं. नियमांनी आधी फक्त यादी तयार करायची : या बागेला हा संदेश, त्या बागेला तो, पत्रकाची प्रत या नावानं. ही यादी म्हणजे नुसतं पद, हवं तितकं पुसा आणि पुन्हा लिहा. तज्ज्ञाला दाखवा, त्यानं दोन ओळी खोडल्या तर खोडू द्या. सगळं पक्कं झालं की एक लहानसा भाग ती यादी वरून खाली एकदाच चालवेल. त्या भागात माघार नाही. चुकलंच काही तर त्यावर प्रायश्चित्त. श्रौतसूत्रांत यज्ञातल्या चुकांची प्रायश्चित्तं सांगितली आहेत ती झालेलं पुसत नाहीत, झाल्यावर काय करायचं ते सांगतात. १९८७ मध्ये हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी लांब चालणाऱ्या व्यवहारांसाठी साधारण हेच सुचवलं : प्रत्येक पायरीसोबत तिची भरपाई करणारी पायरी लिहून ठेवा. चुकीचा संदेश परत घेता येत नाही. ‘आधीचा संदेश रद्द समजावा’ असं सांगणारा दुसरा पाठवता येतो.

शंकेखोर : आणि मधल्या वेळात त्यानं पंप पाठीवर घेतला असेल तर? आंब्याला जुलै-ऑगस्टात बुंध्याभोवती मोहोर आणणारं कल्टार घातलं, की ते मातीतून उकरून काढता येत नाही. प्रायश्चित्त झाडाला लागू होत नाही. पण ते सोडा, तुमच्या यादीतच एक खोट आहे. यादी करायला हवामानाचे आकडे लागतात, ते आणायला मूल जन्माला घालावं लागतं. म्हणजे यादीआधीच आरंभ झाला. तुम्ही म्हणाल, ते मूल फक्त विचारतं, जगात काही बदलत नाही. खरं आहे. पण त्याचं उत्तर बदलतं. सकाळी सहाला विचारलं, आभाळ निरभ्र. मागे फिरून सव्वासहाला पुन्हा विचारलं, ढगाळ. एकाच अनुमानाच्या दोन फांद्या दोन वेगळ्या आभाळांखाली उभ्या राहिल्या आणि तुम्ही त्यांची तुलना करताय! मघाशी मला वाटत होतं की सीमा विधान आणि कृती यांच्यामध्ये आहे. आता वाटतं तसं नाही. मूल जगाला हात न लावता परत आलं तरी सोबत घड्याळ घेऊन येतं, आणि तर्काला घड्याळ वाचता येत नाही. वेळमर्यादा घालून वाट बघितलीत आणि ‘ठरलेल्या वेळात संपली नाही’ असं उत्तर आलं, तर ते कशात बसवणार? साधलं नाही, फसलं नाही, बिघडलंही नाही. मूल जिवंत आहे. तुमच्या तीन निकालांत ‘अजून’ हा निकालच नाही.

उत्साही : ‘अजून’चं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. घड्याळाचं मात्र आहे, आणि ते त्या पत्रकातच आहे. पत्रकावर तारीख असते. त्यातला सल्ला ‘आभाळ ढगाळ आहे’ असं म्हणत नाही, ‘मंगळवारच्या अंदाजानुसार पुढच्या पाच दिवसांत असं असेल’ असं म्हणतो. आपणही एकदाच विचारायचं, उत्तर तारीख-वेळेसह वस्तुस्थिती म्हणून नोंदवायचं आणि मूल बंद करायचं. पुढचा सगळा विचार त्या नोंदीवर. ‘मंगळवारी सकाळी सहाला अंदाज असा होता’ हे वाक्य सव्वासहालाही खरंच राहतं. बदलणाऱ्या जगाचं एक चित्र काढून तर्काच्या हाती द्यायचं, एवढंच. चित्र शिळं झालं तर शुक्रवारी नवं काढायचं. ‘अजून’च्या बाबतीत एवढंच म्हणतो : किती थांबायचं हा तर्काचा प्रश्न नाही, पण तो कोणाला तरी ठरवावा लागतो, आणि ज्याच्याजवळ नियम आहेत त्यानंच तो ठरवलेला बरा. मोहोर फुटायच्या आठवड्यात अंदाजासाठी दहा मिनिटं थांबणं आणि पावसाळ्यात दहा मिनिटं थांबणं सारखं नव्हे. हे प्रोसेसला कळत नाही, नियमांना कळतं.

शंकेखोर : मग हीच गोष्ट मी उलटी मांडतो. नियमांना जे कळतं ते त्यांनी सांगावं आणि बाजूला व्हावं. पालकपद दुसऱ्या कुणाला द्या. आयबीएमच्या वॉटसननं २०११ मध्ये प्रश्नमंजुषा जिंकली. त्यात प्रश्नाच्या वाक्यरचनेतले आकृतिबंध ओळखायला प्रोलॉग होतं. ते मोठ्या यंत्रणेतला एक भाग होतं, कारभारी नव्हतं. त्याला विचारलं की ते सांगायचं. ऐंशीच्या दशकात आपल्याकडेही ज्ञानाधारित प्रणालींचा कार्यक्रम आखला गेला, मुंबईचं एनसीएसटी (नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी) त्याचं एक केंद्र होतं, डिसेंबर १९८९ मध्ये मुंबईत त्या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषदही भरली. त्या काळची मोठी आशा अशी की नियमांचं यंत्रच सगळ्याचा मेंदू होईल आणि बाकीचे त्याचे हातपाय. पुढे जिथं जिथं असं यंत्र टिकलं, तिथं बहुतेक ठिकाणी ते कुणाचं तरी मूल म्हणूनच टिकलं, असं माझं मत आहे. त्यात कमीपणा काय? विचारलं की खरं सांगणं ही मोठी नोकरी आहे.

उत्साही : कमीपणा नाही, पण प्रश्न सुटलेलाही नाही. तो तुम्ही नुसता शेजारच्या घरात नेलात. आता पायथनमधला कारभारी नियमांना विचारेल, ते सांगतील ‘पाठव’, आणि पाठवणारा मध्येच मेला तर पुढे काय करायचं हे कारभाऱ्याला माहीत नाही, कारण नियम त्याच्याजवळ नाहीत. मग तो स्वतःचे नियम लिहील, जर-तरच्या चाळीस ओळी, कुणालाही ‘का?’ असं न विचारता येणाऱ्या. थोड्याच दिवसांत तिथं एक दुसरं, वाईट प्रोलॉग तयार होईल. मुलाच्या मरणाचा अर्थ ज्याला कळतो त्यानंच त्याचा शेवट बघावा, हा माझा आग्रह आहे. तुम्ही दाखवलेले खड्डे खरे आहेत, त्यातले दोन मी येण्यापूर्वी पाहिलेही नव्हते. पण ते खड्डे उंबऱ्यावर आहेत. उंबरा टाळून घर बांधता येत नाही.

शंकेखोर : उंबरा कुठं आहे यावर आपलं एकमत झालं, तो ओलांडायचा कुणी यावर नाही. मला वाटतं, ही भाषा घडवणाऱ्यांचंही झालं नव्हतं. प्रोलॉगचं आंतरराष्ट्रीय मानक १९९५ मध्ये निघालं. हॉल्ट म्हणून आपण कसं थांबायचं आणि जाताना आपल्या पालकासाठी कोणता आकडा ठेवून जायचं, याचा नियम त्यात आहे. स्वतःचं मूल जन्माला कसं घालायचं, याबद्दल एकही नाही.